अमेरिकेत ऑनसाइट असताना शहरं कशी फिरायची: आधी रुळावरची, मग रस्त्यावरची

ऑनसाइटला, म्हणजे क्लायंटच्या कामासाठी कंपनीकडून अमेरिकेत, आलेल्या माणसाकडे डॉलर थोडेफार असतात पण सुट्टी नसते. हातात शनिवार-रविवार, त्यातला अर्धा शनिवार लाँड्री आणि देसी दुकानाची चक्कर, रविवारी रात्री परत ऑफशोरचा, म्हणजे भारतातल्या टीमचा, कॉल. आणि बघायचं काय तर न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, सगळंच. मग होतं असं की पहिल्याच लाँग वीकेंडला चार मित्र मिळून गाडी भाड्याने घेतात, तीन दिवसांत चार शहरं 'कव्हर' करतात आणि आठवणीत राहतं ते पार्किंग शोधणं आणि टर्नपाइकवरचं, म्हणजे टोलच्या हायवेवरचं, ट्रॅफिक. माझं म्हणणं सरळ आहे, एका वीकेंडला एकच शहर धरा, आणि आधी ट्रेनने जमणारी शहरं उरका, गाडी लागणारी ठिकाणं नंतरच्या लाँग वीकेंडसाठी ठेवा. तसंही सुरुवातीला इथलं लायसन्स नसतं, क्रेडिट हिस्ट्री नसते, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नसते, त्यामुळे हा क्रम आपोआप जुळतो.

खालचं सगळं न्यू जर्सीत राहणाऱ्याच्या हिशोबाने लिहिलंय कारण आपली बरीच जनता एडिसन, आयझलिन, जर्सी सिटी याच पट्ट्यात उतरते. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात असाल तर क्रम उलटा करा, बाकीचं तेच लागू.

१. कागदपत्रं

सगळ्यात आधी आय-९४, म्हणजे अमेरिकेत उतरल्याची सरकारी नोंद, डाउनलोड करा. अमेरिकेत किती दिवस राहायची परवानगी आहे ते व्हिसाच्या स्टॅम्पवर ठरत नाही, आय-९४ वरच्या तारखेवर ठरतं. सीबीपीच्या, म्हणजे सीमेवर तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर पासपोर्ट नंबर टाकला की फुकट मिळतं. पासपोर्ट लवकर संपत असेल तर ही तारीख बऱ्याचदा पासपोर्टच्या एक्सपायरीलाच कापलेली असते, मग व्हिसा दोन वर्षं पुढचा असला तरी उपयोग नाही. म्हणून उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच ती तारीख बघून घ्या आणि गडबड दिसली तर ऑफिसच्या इमिग्रेशन टीमला कळवा.

१८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असा इथला कायदा आहे आणि आपल्यासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४. प्रिंट काढून पाकिटात ठेवा. बाहेरगावी जाताना पासपोर्ट बरोबर, एच-वन-बी या वर्क व्हिसावाल्यांनी आय-७९७ या मंजुरीपत्राची कॉपीसुद्धा. बफेलो-नायगाराच्या बाजूला, म्हणजे सीमेजवळ, बसमध्ये किंवा ट्रेनमध्ये बॉर्डर पेट्रोलवाले चढून कागद विचारू शकतात, तिथे फोनमधला फोटो दाखवत बसायची वेळ येऊ नये.

देशांतर्गत विमानासाठी मे २०२५ पासून रिअल आयडी, म्हणजे केंद्राच्या नियमात बसणारं लायसन्स किंवा ओळखपत्र, सक्तीचं झालंय, पण भारतीय पासपोर्ट चालतो त्यामुळे आपल्याला काळजी नाही. घर बदललं तर १० दिवसांच्या आत एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरायचा, हे प्रवासाशी थेट संबंधित नाही पण कंपनीच्या गेस्ट हाउसमधून स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये गेल्यावर हमखास राहून जातं.

आणि एक कडू पण गरजेचं: न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा राज्यांत गांजाची दुकानं राजरोस उघडी दिसतील. राज्याच्या कायद्याने चालतं, केंद्राच्या कायद्याने नाही, आणि व्हिसा केंद्र सरकार देतं. लांब राहा, गमतीतसुद्धा नको, गांजाच्या गोळ्या म्हणजे गमीज सुद्धा नकोत.

२. कॅलेंडर

क्लायंटची हॉलिडे लिस्ट मागून घ्या, आपल्या कंपनीची नव्हे. मे महिन्याचा शेवटचा सोमवार मेमोरियल डे, ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार लेबर डे, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग. हे बहुतेक सगळीकडे मिळतात. ऑक्टोबरमधल्या कोलंबस डेला मात्र बँका बंद आणि आपण ऑफिसात असं होऊ शकतं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सगळी अमेरिका रस्त्यावर आणि विमानतळावर असते, त्या दिवशी निघायचंच असेल तर सकाळी लवकर.

वेळेचा हिशोब पण करून ठेवा. ईस्ट कोस्ट उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलतात, भारतात बदलत नाहीत, त्यामुळे त्या सोमवारी कॉलची वेळ सरकते. वेस्ट कोस्टला उन्हाळ्यात गेलात तर भारतातला सोमवार सकाळचा ९ चा कॉल म्हणजे तुमचा रविवार संध्याकाळचा साडेआठ, गोल्डन गेटवर सूर्यास्त बघत असताना मीटिंगचं रिमाइंडर वाजतं. शुक्रवारीच ऑफशोर लीडला सांगून ठेवा.

३. तिकिटं

न्यू जर्सी ट्रान्झिटचं भाडं मागणीप्रमाणे बदलत नाही, आज घ्या नाहीतर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी घ्या, तेवढंच. ॲपवर घ्यायचं आणि गाडीत चढायच्या आधी ॲक्टिव्हेट करायचं. स्टेशनवर मशीन असताना गाडीत कंडक्टरकडून घेतलं तर ५ डॉलर जास्त. ॲमट्रॅक या लांब पल्ल्याच्या रेल्वेचं मात्र विमानासारखं, आधी घेतलं तर स्वस्त, शेवटच्या क्षणाला दुप्पट-तिप्पट. बोस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंतचा नॉर्थईस्ट कॉरिडॉर हा अमेरिकेतला एकमेव मोठा पट्टा जिथे ट्रेन खरोखर कामाची आहे. त्यावर दोन प्रकार, नॉर्थईस्ट रीजनल आणि असेला. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन रीजनल साधारण साडेतीन तास घेते, असेला तीनच्या आत. अर्ध्या तासासाठी तेवढे जास्त पैसे मोजायचे नाहीत, क्लायंट देत असेल तर गोष्ट वेगळी.

नव्या माणसाचा हमखास होणारा गोंधळ: न्यूअर्क पेन स्टेशन आणि न्यूयॉर्क पेन स्टेशन ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि कंडक्टर स्पीकरवर जे पुटपुटतो त्यात दोन्ही सारखीच ऐकू येतात. एडिसनहून जाताना आधी न्यूअर्क लागतं, निम्मी गाडी रिकामी होते, आपणही बॅग उचलतो. बसून राहा, पुढे बहुतेक गाड्या सिकॉकसला थांबतात आणि मग नदीखालच्या बोगद्यातून गेल्यावर न्यूयॉर्क.

विमानाचं: निघायला ७ दिवस किंवा जास्त असतील आणि थेट एअरलाइनकडून तिकीट घेतलं असेल तर २४ तासांच्या आत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत, हा सरकारी नियम आहे. म्हणजे रात्री स्वस्त दिसलं की घेऊन टाका, सकाळी मॅनेजरला विचारा. बेसिक इकॉनॉमी घेताना बॅगेचं नीट वाचा, काही एअरलाइन्स त्यात वरच्या कप्प्यातली बॅगसुद्धा देत नाहीत, आणि फ्रंटियरसारख्यांचं तिकीट ४० डॉलरचं आणि बॅग त्याहून महाग असं होऊ शकतं. पाठीवरच्या एका सॅकमध्ये वीकेंड बसवायला शिका. साउथवेस्ट एअरलाइनच्या दोन बॅगा फुकट हे जुने लोक अजून सांगतात, ते मे २०२५ च्या शेवटी बंद झालं.

खाण्याचं घेऊन जायला बंदी नाही. चिवडा, लाडू, थेपले, पोळीचा रोल सगळं सिक्युरिटीतून जातं, फार तर पिशवी उघडायला लावतात. लोणचं, चटणी, तूप मात्र त्यांच्या लेखी द्रव, १०० मिलीच्या वर असेल तर कचऱ्याच्या डब्यात, आणि घरच्या तुपाचं असं होताना बघवत नाही.

४. राहायचं कुठे

शहराच्या मधोमध हॉटेल नको, मेट्रोच्या स्टेशनला लागून असलेलं बघा. वॉशिंग्टनसाठी नदीपलीकडे व्हर्जिनियातलं रॉसलिन, क्रिस्टल सिटी, पेंटॅगॉन सिटी. तिथे आठवडाभर ऑफिसवाल्यांची गर्दी असते आणि शनिवार-रविवार खोल्या रिकाम्या, त्यामुळे भाव उतरतो. ही युक्ती बहुतेक ऑफिसच्या भागांना लागू पडते. दाखवलेल्या भावात टॅक्स धरलेला नसतो, न्यूयॉर्कमध्ये तो १५ टक्क्यांच्या आसपास जातो. रिसॉर्ट फी, डेस्टिनेशन फी नावाचा जो छुपा प्रकार होता तो मे २०२५ पासून पहिल्या किमतीतच धरून दाखवायला लागतो, वेगासला जाणाऱ्यांना हे विशेष बरं झालं.

चेक-इनला डेबिट कार्ड देऊ नका. भाड्याच्या वर काही रक्कम ते अडकवून ठेवतात, क्रेडिट कार्डवर ते जाणवत नाही, डेबिटवर तेवढे पैसे चार-पाच दिवस खरोखर अडकतात. आणि ऑफिसच्या कामाने हॉटेलात राहता तेव्हा स्वतःचा मेंबरशिप नंबर टाकायला विसरू नका, पॉइंट कंपनीला मिळत नाहीत, तुम्हाला मिळतात. क्लायंटच्या गावी महिनाभर काढलेल्या माणसाचे वीकेंडचे हॉटेल असेच फुकटात निघतात.

५. न्यूयॉर्क, तुकड्यातुकड्याने

न्यूयॉर्क एका दिवसात करायचं नाही, तुम्ही शेजारीच राहताय. दर वेळी एक तुकडा.

सबवेला वेगळं कार्ड लागत नाही, गेटवर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन टॅप करायचा, भाडं ३ डॉलरच्या आसपास, कुठूनही कुठेही. आठवडाभरात एकाच कार्डावर ठरावीक फेऱ्या झाल्या की पुढच्या फुकट, पण फोनमधलं कार्ड आणि खिशातलं प्लास्टिक ही सिस्टिमला दोन वेगळी कार्डं वाटतात, म्हणून एकच काहीतरी वापरत राहा. भारतीय कार्ड चालतं पण बहुतेक कार्डांवर फॉरेक्स मार्कअप असतो तो बघा. लहान स्टेशनांवर अपटाउन (उत्तरेकडे) आणि डाउनटाउन (दक्षिणेकडे) जाणाऱ्या गाड्यांचे दरवाजे रस्त्याच्या दोन बाजूंना असतात, चुकीच्या बाजूने आत गेलात तर बाहेर येऊन परत पैसे. शनिवार-रविवारी रुळांची कामं चालतात, लोकल गाडी एक्सप्रेस होते, एक्सप्रेस दुसऱ्याच रुळावरून जाते, स्टेशनवर चिकटवलेले कागद वाचा. गच्च गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर आनंदाने घुसू नका. एसी बंद असतो किंवा आत असा वास असतो की पुढच्या स्टेशनलाच उतरावं लागतं.

पत्ता कळायला: स्ट्रीट आडवे, ॲव्हेन्यू उभे, आणि उत्तर-दक्षिण चालताना साधारण २० ब्लॉक म्हणजे एक मैल. एवढं डोक्यात बसलं की मॅप बघायची गरज अर्धी होते.

स्वातंत्र्यदेवीच्या बेटावर उतरणारी अधिकृत फेरी एकच कंपनी चालवते, स्टॅच्यू सिटी क्रूझेस. मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कच्या वाटेवर जॅकेट घातलेले लोक 'स्टॅच्यू टिकेट, स्टॅच्यू टिकेट' करत अडवतात, त्यांच्यातल्या बऱ्याच बोटी बेटावर उतरवत नाहीत, नुसत्या बाजूने फिरवतात. न्यू जर्सीवाल्यांनी तिकडे जाऊच नये, जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून तीच फेरी निघते आणि रांग सहसा कमी. पुतळ्याच्या क्राउनपर्यंत, म्हणजे मुकुटापर्यंत, चढायचं असेल तर काही महिने आधी बुकिंग, आणि जिने आहेत, आईबाबा आलेले असताना नको. एलिस आयलंड त्याच तिकिटात येतं, १८९२ ते १९५४ या काळात जहाजाने आलेल्या लाखो लोकांची तपासणी तिथे व्हायची. व्हिसाच्या रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला तो हॉल जास्त कळतो. पैसे खर्च करायचे नसतील तर स्टेटन आयलंड फेरी पूर्ण फुकट, जाताना उजव्या बाजूला उभं राहा, पुतळा दिसतो.

ब्रुकलिन ब्रिज (१८८३ चा) बहुतेक जण मॅनहॅटनकडून चालायला सुरुवात करतात आणि सगळं सुंदर पाठीमागे राहतं. ए किंवा सी ट्रेनने हाय स्ट्रीटला उतरा आणि ब्रुकलिनकडून या. उंच इमारतींपैकी एकच निवडा, माझं मत टॉप ऑफ द रॉक, कारण तिथून एम्पायर स्टेट दिसते. एम्पायर स्टेटवर चढलात तर एम्पायर स्टेटच दिसत नाही. मेट म्युझियममध्ये 'द्याल तेवढे द्या' हा प्रकार फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना आहे, शिवाय न्यू जर्सी-कनेटिकटच्या विद्यार्थ्यांना. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्याला पूर्ण तिकीट, तिथे वाद घालणारे देसी बघितलेत म्हणून सांगून ठेवलं.

टाइम्स स्क्वेअरला मिकी माउसच्या कपड्यातल्या माणसाबरोबर फोटो काढला की तो पैसे मागणार, हातात सीडी ठेवणारा पण. आणि टॉयलेट दिसलं की जाऊन घ्या, रस्त्यावर मिळत नाहीत. ब्रायंट पार्कमधलं स्वच्छ आहे, शेजारच्या पब्लिक लायब्ररीतलंही.

आता आपल्या लोकांनी न चुकवण्याची एक जागा. १ नंबरच्या ट्रेनने ११६ स्ट्रीटला उतरलं की समोर कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये इथे आले, १९१६ पर्यंत शिकले. लेहमन लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा आहे. गेल्या काही वर्षांत कॅम्पसचे दरवाजे बाहेरच्यांसाठी बऱ्याचदा बंद ठेवतात, त्यामुळे त्यांच्या साइटवर आधी बघा किंवा ओळखीचा कुणी विद्यार्थी असेल तर त्याला पाहुणा म्हणून नोंदवायला सांगा.

६. फिलाडेल्फिया, आणि आनंदीबाईंच्या वाटेने

फिलीला ॲमट्रॅकने जायची गरज नाही. न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटनपर्यंत, तिथे समोरच्या प्लॅटफॉर्मकडे जाऊन सेप्टाची, म्हणजे फिलीच्या लोकल रेल्वेची, ट्रेंटन लाइन, थेट शहराच्या मध्यात. वेळ जास्त लागतो पण भाडं ठरलेलं आणि कमी. दोन्ही गाड्यांची वेळ जुळते का ते आधी बघा, नाहीतर ट्रेंटनला बसून राहावं लागतं आणि ट्रेंटनला बघण्यासारखं विशेष काही नाही.

लिबर्टी बेल ही स्वातंत्र्याची घंटा बघायला फुकट आहे, सकाळी लवकर जा. शेजारचा इंडिपेन्डन्स हॉल, जिथे १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना दोन्ही मंजूर झाली, त्याला वेळेचं तिकीट लागतं, रिक्रिएशन डॉट गव्ह वर एक डॉलर फी भरून मिळतं. जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट, १८९३ पासूनचं, पण संध्याकाळी लवकर बंद होतं आणि आमिश लोकांचे (जुन्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती समाज) स्टॉल रविवारी नसतात, म्हणून शनिवारी दुपारी.

याच शहरात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, मार्च १८८६ मध्ये, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामधून. त्या कॉलेजचा वारसा आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांचा तो १८८५ चा प्रसिद्ध फोटो तिथल्याच संग्रहातला. अमेरिकेत आल्यावर आनंदीबाई आधी राहिल्या ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावात, थिओडिशिया कार्पेंटर बाईंच्या घरी. एडिसनपासून हे गाव जवळच आहे, रोज ऑफिसला जाताना आजूबाजूने जात असाल.

आणि पुढचा भाग बहुतेकांना माहीत नसतो. १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या आणि पुकीप्सी गावच्या रूरल सिमेटरीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. जायला सोपं आहे: न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन, शेवटचं स्टेशन पुकीप्सी, दोनएक तास. जाताना डावीकडे बसा, जवळजवळ सगळा रस्ता हडसन नदीच्या काठाने जातो आणि ऑक्टोबरमध्ये समोरचे डोंगर लाल-पिवळे झालेले असतात. स्टेशनवरून उबर करून सिमेटरी, तिथल्या ऑफिसात नाव सांगितलं तर जागा दाखवतात, रविवारी ऑफिस बंद असू शकतं म्हणून नकाशावर आधी बघून ठेवा. परत येताना वॉकवे ओव्हर द हडसन, जुन्या रेल्वे पुलाचा २००९ मध्ये केलेला पादचारी पूल, सव्वा मैलाच्या वर लांब, स्टेशनपासून चालत जाता येतं आणि फुकट. माझ्या मते नायगाराच्या आधी हा एक दिवस काढा.

७. वॉशिंग्टन डीसी

आईबाबांना घेऊन जायचं असेल तर सगळ्यात सोपं शहर. सपाट, मोकळं आणि जवळजवळ सगळं फुकट. स्मिथसोनियनची म्युझियम आणि प्राणिसंग्रहालय, कशालाच तिकिटाचे पैसे नाहीत. गंमत म्हणजे ज्याच्या पैशातून हे उभं राहिलं तो जेम्स स्मिथसन इंग्रज शास्त्रज्ञ, आयुष्यात कधी अमेरिकेला आलाच नाही. नॅशनल मॉल या शहरातल्या लांबलचक मैदानावरच्या एअर अँड स्पेस म्युझियमला फुकट पण वेळेचा पास लागतो, तो आधी ऑनलाइन काढा. पास नाही मिळाला तर डलस विमानतळाजवळचं उडवार-हेझी सेंटर, तिथे पास नाही, डिस्कव्हरी हे खरं अंतराळयान उभं आहे, गाडीने गेलात तर पार्किंगचे पैसे पडतात. वॉशिंग्टन मॉन्युमेंटवर जायचं तिकीट पण रिक्रिएशन डॉट गव्ह वर एक डॉलर फीमध्ये. सरकारी शटडाउनची बातमी चालू असेल तर जायच्या आधी म्युझियम उघडी आहेत का ते बघा, खरोखर बंद पडतात.

दिवसा म्युझियम, रात्री स्मारकं असा क्रम लावा. लिंकन मेमोरियल चोवीस तास उघडं असतं, दिव्यांत जास्त चांगलं दिसतं आणि उन्हाळ्यातला दमट उकाडाही टळतो. पायऱ्यांवर मार्टिन ल्यूथर किंग २८ ऑगस्ट १९६३ ला जिथे उभे होते ती जागा कोरून ठेवलीय, लोक तिच्यावरूनच चालत जातात. मेट्रोत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप, आणि आत काही खायचं नाही, चिवड्याची पिशवी बॅगेतच राहू द्या. चेरी ब्लॉसम मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, तेव्हा हॉटेल महिनाभर आधी.

बोस्टनबद्दल थोडक्यात: न्यूयॉर्कहून ट्रेनने चार तासांच्या वर, विमानाने गेलात तर लोगन विमानतळावरून शहरात येणारी सिल्व्हर लाइन बस फुकट. फुटपाथवर लाल रेघ आहे, फ्रीडम ट्रेल, अडीच मैल, तिच्यामागे चालत राहायचं, गाइड नको. रेड लाइनने हार्वर्ड. जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ नका.

८. विमानाने जायची दोन

शिकागोला ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन थेट डाउनटाउनला जाते, चोवीस तास. नदीतून इमारती दाखवत फिरवणारी आर्किटेक्चरची बोट घ्या, पैसे वसूल आहेत, उंच इमारतीवर चढायचं तिकीट वाचवून ते इथे घाला. मिलेनियम पार्कमधलं बीन हे आरशासारखं चकचकीत शिल्प फुकट, आणि शेजारीच आर्ट इन्स्टिट्यूट. स्वामी विवेकानंदांचं ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण याच इमारतीत झालं, समोरच्या मिशिगन ॲव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं मानाचं नाव दिलेलं आहे, पाटी शोधा. रात्री जेवायला डेव्हन ॲव्हेन्यू. पटेल ब्रदर्स या देसी किराण्याचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर निघालं, म्हणजे आपण ज्याच्या जिवावर पोहे-साबुदाणा खातोय त्याचं मूळगाव म्हणायला हरकत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत स्वेटर न्या. चेष्टा नाही, उन्हाळ्यात धुकं आणि गार वारा, टी-शर्टवर आलेले लोक गोल्डन गेटवर कुडकुडत विकतचे हूडी घालून फिरताना दिसतात. पूल १९३७ चा, चालत जायला फुकट. अल्काट्राझ या बेटावरच्या जुन्या तुरुंगाचं तिकीट आधी, विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा, ऐनवेळी मिळत नाही. भाड्याच्या गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, रिकामी सॅकसुद्धा नको, काच फोडून नेतात. खरं तर शहरात गाडी नकोच, एसएफओ विमानतळावरून बार्ट ही लोकल ट्रेन आहे. सवड असेल तर वुड स्ट्रीटवरचं गदर मेमोरियल. ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षाचं केंद्र याच शहरात होतं, आणि कर्तारसिंग सराभांबरोबर नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेलेले विष्णू गणेश पिंगळे आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. उघडं असण्याच्या वेळा मोजक्या आहेत, विचारून जा.

वेस्ट कोस्टवरून येताना रविवार रात्रीचं रेड-आय, म्हणजे रात्रभराचं विमान, घेतलं की सोमवारी सकाळी न्यूअर्क आणि तिथून थेट ऑफिस. जमतं, पण त्या दिवशी प्रॉडक्शन रिलीज नसावा.

९. आता गाडी

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातून निघायच्या आधी आरटीओतून काढून आणा, वर्षभर चालतं. भारतीय लायसन्सवर किती दिवस चालवता येतं ते राज्यागणिक वेगळं, राहत्या राज्याचं लवकर काढलेलं बरं. २५ च्या आतल्यांना भाड्याच्या गाडीवर दिवसाला जास्तीचा आकार पडतो. इन्शुरन्समध्ये दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या: तुमच्या गाडीचं नुकसान, ते काही क्रेडिट कार्डं भरून देतात. दुसऱ्याचं नुकसान म्हणजे लायबिलिटी, ते कार्ड भरत नाही, आणि इथे हॉस्पिटलचं बिल कितीही होऊ शकतं. स्वतःची गाडी आणि पॉलिसी नसेल तर लायबिलिटी काउंटरवर घ्याच, काटकसर दुसरीकडे करा.

रस्त्यावर: स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागच्यांनी आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं, न्यूयॉर्क राज्यात तर दुभाजक असला तरी. सिग्नल लाल असताना थांबून उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात पाटी असल्याशिवाय नाही. फायर हायड्रंटपाशी १५ फुटांच्या आत न्यूयॉर्कमध्ये पार्क केलं तर तिकीट किंवा टो. पोलिसाने मागे दिवे लावले तर उजवीकडे थांबा, गाडीतच बसा, दोन्ही हात स्टीअरिंगवर. आपल्याकडच्यासारखं उतरून 'साहेब' करत जायचं नाही, अजिबात नाही.

पेट्रोल न्यू जर्सीत स्वतः भरायचंच नाही, कायद्यानेच बंदी आहे, माणूस येऊन भरतो. असं आता हे एकच राज्य उरलंय. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा पंपावर उभं राहिल्यावर गाडीत बसून वाट बघणारा न्यू जर्सीचा म्हणून ओळखू येतो. पंप कार्डाचा झिप कोड विचारतो, भारतीय कार्डाचा पिन कोड त्याला कळत नाही, मग आत जाऊन 'पंप पाच, तीस डॉलर' सांगायचं. साधं पेट्रोल म्हणजे रेग्युलर, पंपावर ८७ लिहिलेलं. हिरव्या दांड्याचा नोझल बहुतेक वेळा डिझेलचा.

नायगारा न्यू जर्सीहून साडेसहा-सात तास, लाँग वीकेंडच पाहिजे. बोट साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. आपल्याला अमेरिकेच्या बाजूनेच बघायचं, पलीकडे जायला कॅनडाचा व्हिसा लागतो. धबधब्याजवळ जीपीएसवर विसंबून राहू नका, कॅनडात जाणाऱ्या रेनबो ब्रिजच्या लेनमध्ये एकदा शिरलात की परत फिरणं अवघड, आणि मग कागद दाखवत उभं राहायचं. गोट आयलंडवर पार्क करून पायी फिरा. व्हिसा असेल तरी परत येताना अमेरिकेचा स्टॅम्प संपलेला असेल तर काय, हे इमिग्रेशन टीमला लेखी विचारून मगच जा.

१०. खाणं आणि पैसे

शाकाहारी लोकांनी 'नो मीट' एवढं म्हणून भागत नाही. सूपमध्ये चिकन ब्रॉथ असतं, बीन्समध्ये कधी चरबी असते, आणि इथल्या मॅकडोनल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर घातलेला असतो, त्यांच्याच घटकांच्या यादीत लिहिलंय. 'नो मीट, नो फिश, नो चिकन ब्रॉथ' असं सगळं सांगा. चिपोटले, टाको बेल, पिझ्झा यावर वीकेंड निघतो.

बसून जेवलात की टिप १८ ते २० टक्के, मोठ्या ग्रुपला ती बिलातच लावलेली असते, बघून मग भरा, दोनदा नको. काउंटरवर टॅब्लेट फिरवून विचारतात तिथे 'नो टिप' दाबलं तरी कुणी काही म्हणत नाही. न्यू जर्सीत कपड्यांवर टॅक्स नाही, डेलावेअरमध्ये कशावरच नाही, लॅपटॉप घ्यायचा असेल तर वॉशिंग्टनच्या वाटेवर विल्मिंग्टन लागतंच.

भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, स्वस्तातला रिचार्ज चालू ठेवा. आणि भाड्याच्या गाडीने टोल ओलांडलेत तर त्याची बिलं कंपनीच्या आकारासकट नंतर, कधी महिनाभराने, कार्डावर येतात. प्रोजेक्ट संपून परत जायच्या आधीच्या वीकेंडला गाडी घेतली असेल तर इथलं क्रेडिट कार्ड आणि बँक खातं लगेच बंद करू नका, टोल लागून बिल भरलं गेलं की पुण्यातून ऑनलाइन बंद करता येतं.